पावसाळ्यातला ताप, तुंबलेली लघवी आणि कल्चरला न गेलेला पू

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जून उजाडला की डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टो यांबद्दलच्या सूचना आपल्या दैनिकात नेमाने छापून येतात. त्यांचा उपयोग होतो. ताप आला की लोक आता स्वतःहून रक्त तपासायला जातात. त्या यादीत आणखी एका आजाराचे नाव यायला हवे, आणि तो म्हणजे मेलिओइडोसिस. हा मातीतून आणि साचलेल्या पाण्यातून होणारा जिवाणूचा आजार आहे. तो बहुधा फुप्फुसावर जातो, यकृत-प्लीहेतही गळवे करतो. पण पुरुषांमध्ये त्याच्या आवडीच्या आणखी दोन जागा आहेत: मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी आणि, क्वचित, वृषण. इथे झालेल्या गळवाबद्दल रुग्ण लाजेने बोलत नाही आणि डॉक्टरला हा जिवाणू चटकन सुचत नाही. दोघांनीही वाचावे म्हणून हे सविस्तर पत्र.

या जिवाणूचे नाव बर्कहोल्डेरिया स्युडोमॅलाय. अल्फ्रेड व्हिटमोर आणि सी. एस. कृष्णस्वामी यांनी १९११ साली रंगूनमध्ये तो पहिल्यांदा ओळखला. भारतातला पहिला रुग्ण १९९१ साली मुंबईतून नोंदला गेला. त्यानंतर किनारी कर्नाटकात, विशेषतः उडुपी-मणिपाल पट्ट्यात, बरेच रुग्ण सापडले, कारण तिथल्या प्रयोगशाळांनी तो शोधायला सुरुवात केली. त्या किनाऱ्याचा पाऊस, तिथली भातशेती आणि तिथला मधुमेह आपल्याकडे गोव्यातही आहे. कारवारच्या पुलावर हा जिवाणू थांबत असेल असे मानायला काहीच आधार नाही.

तो शरीरात शिरतो तो बहुतेक वेळा पायाच्या भेगेतून किंवा हातावरच्या जखमेतून. कधी वादळी पावसात श्वासावाटे, कधी न उकळलेल्या पाण्यातूनही. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत १ ते २१ दिवस जातात. काहींच्या शरीरात तो महिनोन्‌महिने दडून बसतो. धडधाकट माणसाला तो सहसा फारसे काही करत नाही. मधुमेही, रोज जास्त दारू पिणारा, मूत्रपिंडाचा किंवा फुप्फुसाचा जुना रुग्ण, थॅलेसेमियाचा रुग्ण, स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारा, या लोकांना तो गाठतो. निम्म्याच्या आसपास रुग्ण मधुमेही असतात, आणि त्यातल्या काहींना आपल्याला मधुमेह आहे हे या आजाराच्या निमित्तानेच कळते. एकाकडून दुसऱ्याला होण्याचे प्रकार अत्यंत विरळ आहेत. त्यामुळे जननेंद्रियाच्या जागी गळू झाले म्हणून घरात संशयाचे वातावरण करू नये. हा गुप्तरोग नव्हे.

प्रोस्टेटच्या गळवाची ओळख आधी सांगतो, कारण तेच जास्त चुकते. चाळिशी-पन्नाशीचा मधुमेही पुरुष. थंडी वाजून ताप, लघवीला जळजळ, सारखी लघवीची भावना, धार बारीक, मग एके रात्री लघवी पूर्ण तुंबते. वृषणकोश आणि गुदद्वार यांच्यामधल्या भागात दुखते, बसवत नाही, शौचाला त्रास होतो. असे पूर्ण चित्र मिळाले तर निदान सोपे. पण कित्येकांना नुसता ताप असतो आणि लघवीची तक्रार विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. लघवीची साधी तपासणी आणि कल्चर (नमुन्यातला जिवाणू वाढवून पाहण्याची चाचणी) दोन्ही निर्दोष येऊ शकतात, कारण पू ग्रंथीच्या आत कोंडलेला असतो. म्हणून अशा रुग्णाची गुदद्वारातून बोटाने तपासणी झालीच पाहिजे. दोन मिनिटांचे काम आहे, आणि गर्दीच्या ओपीडीत तेच टाळले जाते. ग्रंथी मोठी, गरम आणि हात लावू न देण्याइतकी दुखरी लागते. ती मऊ, पाण्याच्या पिशवीसारखी लागेलच असे नाही. तशी लागली नाही म्हणून गळू नाही असे समजू नये. बोट हलकेच फिरवावे. ग्रंथी चोळून स्राव काढण्याचा प्रयत्न अशा वेळी मुळीच करू नये, त्याने जिवाणू रक्तात उधळतात.

पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत प्रोस्टेट मोठी एवढेच बहुधा दिसते, आणि ‘वयोमानानुसार’ म्हणून ते सोडून दिले जाते. गळू पाहायचे तर गुदमार्गातून सोनोग्राफी किंवा इंजेक्शन देऊन काढलेला ओटीपोटाचा सीटी स्कॅन लागतो. सीटीवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखे लहान-मोठे कप्पे आणि त्यांच्या कडा उजळलेल्या दिसतात. उत्तर ऑस्ट्रेलियात डार्विन येथे मेलिओइडोसिस झालेल्या पुरुषांपैकी साधारण पाचांत एकाच्या प्रोस्टेटमध्ये गळू सापडले. त्यामुळे तिथे निदान पक्के झाल्यावर, लघवीची तक्रार असो वा नसो, प्रत्येक प्रौढ पुरुषाचा पोट-ओटीपोटाचा स्कॅन करतात. आपणही तेच करावे. यकृत आणि प्लीहा त्याच स्कॅनमध्ये पाहून होते.

वृषणाच्या बाबतीत चित्र वेगळे. एका बाजूची सूज हळूहळू वाढते, कातडी लाल होऊन चिकटते, ताप असतो; कधी मागच्या बाजूने फुटून पू वाहू लागतो. इथे घाईने शिक्का मारण्याआधी चार गोष्टी वगळाव्या लागतात. मुलाला किंवा तरुणाला अचानक, ओकारीसकट दुखू लागले तर वृषणाला पीळ पडला असे धरून चालावे. सहा तासांच्या आत पीळ सोडवला तरच वृषण वाचण्याची चांगली आशा असते, तेव्हा सोनोग्राफीच्या रांगेत वेळ घालवू नये. कातडी काळी-निळी, दुर्गंधी, दाबल्यावर चरचर आणि रुग्णाची प्रकृती झपाट्याने ढासळत असेल तर तो सडणारा जंतुसंसर्ग आहे, त्याच दिवशी शस्त्रक्रिया लागते. न दुखणारी टणक गाठ असेल तर कर्करोगाचा विचार आधी. रक्तातल्या एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच या चाचण्या कराव्यात आणि वृषणकोशावर सुई वा चाकू लावू नये, कारण त्याने रोग पसरण्याचा धोका असतो. आणि चौथा क्षयरोग.

क्षयाबद्दल थोडे थांबून सांगायला हवे. क्षयही अधिवृषणात (वृषणाला मागून चिकटलेल्या नळीत) गाठ करतो, तोही फुटून वाहतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली मेलिओइडोसिसचा तुकडा क्षयासारखाच दिसू शकतो. त्यामुळे तुकड्याच्या अहवालावर विसंबून सहा महिने क्षयाच्या गोळ्या दिल्या जातात आणि रुग्ण तिथेच राहतो, किंवा बिघडतो. पू क्षयाच्या जीनएक्स्पर्ट चाचणीला जरूर पाठवा, पण साध्या जिवाणूच्या कल्चरलाही पाठवा. तुकडा काढला तर अर्धा फॉर्मेलिनमध्ये आणि अर्धा निर्जंतुक सलाइनमध्ये. फॉर्मेलिनमध्ये बुडवलेल्या तुकड्यातून कोणतीच प्रयोगशाळा जिवाणू वाढवू शकणार नाही.

आता या पत्राचा गाभा. गळू फोडले, पू वाटीत आला, वाटी बादलीत गेली, जखमेत गॉझ भरले आणि नेहमीची अँटिबायोटिक सुरू झाली, असे होत राहिले तर हा आजार गोव्यात कधीच सापडणार नाही. पू गळवाच्या आतून सिरिंजने ओढावा, निदान २ ते ५ मिलिलिटर, आणि निर्जंतुक डबीत भरावा. कापसाच्या काडीवर पुसून पाठवलेला पू फार तोकडा पडतो. पहिली अँटिबायोटिक देण्याआधी रक्ताच्या कल्चरच्या दोन जोड्या घ्याव्यात, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त. रुग्ण गंभीर असेल तर मात्र रक्त घेऊन लगेच औषध सुरू करावे, अहवालासाठी अडून बसू नये. लघवी सेंट्रिफ्यूज करून तिचा गाळ, घशाचा आणि गुदद्वाराचा स्वॅब हेही पाठवावेत. एकाच नमुन्यावर भिस्त ठेवली तर निदान निसटते, कारण कल्चर हीच खात्रीची चाचणी असली तरी ती सुमारे ६० टक्के रुग्णांतच जिवाणू पकडते. नमुने शक्यतो दोन तासांत पोचावेत. आणि फॉर्मवर ‘मेलिओइडोसिसचा संशय, मधुमेह, शेतातले काम’ एवढे लिहावे. नुसते ‘पू – कल्चर’ लिहिले की प्रयोगशाळा नेहमीच्या जिवाणूंच्याच वाटेने जाते, आणि सहकाऱ्यांच्या सुरक्षिततेचाही प्रश्न येतो.

प्रयोगशाळेत काय चुकते ते सांगतो. ग्रॅम रंगात हा जिवाणू दोन्ही टोकांना रंगतो, मधे फिका राहतो. २४ तासांनी ब्लड अगारवर (जिवाणू वाढवण्याच्या रक्तमिश्रित माध्यमावर) बारीक, निरुपद्रवी दिसणारे ठिपके येतात. मॅकॉंकी माध्यमावर लॅक्टोज न आंबवणारा, ऑक्सिडेज पॉझिटिव्ह. इथेच ‘स्युडोमोनास प्रजाती’ असे लिहून अहवाल जातो, आणि वॉर्डात तो ‘बाहेरून मिसळलेला असेल’ म्हणून फाइलमध्ये पडतो. तीच प्लेट अजून दोन-तीन दिवस ठेवली तर वसाहती कोरड्या, सुरकुतलेल्या होऊ लागतात; अ‍ॅशडाउन अगारवर (याच जिवाणूसाठीच्या खास माध्यमावर) त्या जांभळट, चक्राकार वळ्यांच्या दिसतात. म्हणून अशा नमुन्याची प्लेट ४८ तासांत टाकू नये, आठवडाभर ठेवावी. अ‍ॅशडाउन माध्यम नसले तरी अडत नाही. ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, जेंटामायसिन आणि कोलिस्टिन या दोघांनाही दाद न देणारा, पण अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिकच्या डिस्कभोवती (औषध लावलेल्या कागदी चकतीभोवती) मोकळे वर्तुळ सोडणारा ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू दिसला की तो बर्कहोल्डेरिया स्युडोमॅलाय असे धरूनच पुढे जावे आणि वॉर्डात फोन करावा. नेहमीचा स्युडोमोनास एरुजिनोसा बरोबर याच्या उलट वागतो. या तीन डिस्क प्रत्येक तालुक्याच्या प्रयोगशाळेत ठेवता येतात. यंत्रावरही आंधळा विश्वास नको: स्वयंचलित ओळखयंत्र कधीकधी याला बर्कहोल्डेरिया सेपॅशिया म्हणते. शंका असेल तर लॅटेक्स चाचणी किंवा पीसीआर करून घ्यावे. रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी निदानासाठी धरू नये. जिथे जिवाणू मातीत आहे तिथे निरोगी माणसातही ती पॉझिटिव्ह येते.

तंत्रज्ञांसाठी एक विनंती. प्लेटचा वास घेऊ नये; या जिवाणूचा मातकट वास पुस्तकात लिहिलेला असला तरी. संशय आल्यापासून पुढचे सगळे काम बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये. उघड्या टेबलावर हाताळणी होऊन गेली असेल तर धोका पाहून २१ दिवस को-ट्रायमोक्साझोल ही अँटिबायोटिक देण्याची पद्धत आहे.

उपचाराकडे येऊ. मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी हात आपोआप जातो ती औषधे म्हणजे सेफ्ट्रियाक्सोन, जेंटामायसिन किंवा अमिकासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन. यांतले एकही या आजाराला पुरे पडत नाही. लागते ते सेफ्टाझिडीम, प्रौढाला २ ग्रॅम दर ६ तासांनी शिरेतून, किंवा रुग्ण अत्यवस्थ असल्यास मेरोपेनेम १ ग्रॅम दर ८ तासांनी. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्तचाचणी) वाढलेले असेल तर मात्रा त्याप्रमाणे कमी. थायलंडमधल्या १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गंभीर रुग्णांतला मृत्युदर जुन्या औषधांनी ७४ टक्के होता, तो सेफ्टाझिडीमने ३७ टक्क्यांवर आला. प्रोस्टेटमध्ये गळू असेल तर पहिल्या दिवसापासूनच जोडीला को-ट्रायमोक्साझोल द्यावे, ते त्या ग्रंथीत चांगले उतरते. शिरेतले औषध किमान दोन आठवडे. प्रोस्टेटसारखे खोल गळू असेल तर चार आठवडे. हे दिवस शेवटचा पू काढला त्या तारखेपासून मोजायचे, भरती झाल्यापासून नव्हे. हा हिशेब बहुतेक फाइलींत चुकतो.

ताप उतरायला सरासरी नऊ दिवस लागतात, पू आत असेल तर त्याहून जास्त. चौथ्या दिवशी ताप आहे म्हणून औषध बदलणे ही मोठी चूक. अशा वेळी रक्ताचे कल्चर पुन्हा घ्यावे आणि कुठे पू राहिला आहे का ते पाहावे.

यकृत-प्लीहेतली छोटी छोटी गळवे औषधानेच विरतात, त्यांना हात लावावा लागत नाही. प्रोस्टेटचे तसे नाही. सेंटिमीटरभराच्या आतला कप्पा औषधावर सोडता येतो. त्याहून मोठा असेल तर रिकामा करावा लागतो. गुदमार्गातल्या सोनोग्राफीच्या आधाराने १८ गेजच्या सुईने पू ओढता येतो, गरज पडल्यास दुसऱ्यांदाही. कप्पे अनेक असतील किंवा पू दाट असेल तर मूत्रमार्गातून दुर्बीण घालून गळवाचे छत उघडावे. अँटिबायोटिक रक्तात भिनल्यावरच हे करावे. लघवी तुंबलेली असेल तर सुजलेल्या ग्रंथीतून नळी रेटण्यापेक्षा ओटीपोटावरून मूत्राशयात नळी घालणे बरे. वृषणाचे गळू भूल देऊन उघडावे, आतली पोकळी पूर्ण मोकळी करावी आणि जखम उघडी ठेवून ड्रेसिंग करावे. वृषणाचा गर सडून गेला असेल तर ते काढावे लागते, आणि ही शक्यता रुग्णाला आधीच स्पष्ट सांगावी. एक ते दोन आठवड्यांनी स्कॅन पुन्हा.

रुग्ण घरी जातो तेव्हा निम्मे काम बाकी असते. पुढे किमान तीन महिने को-ट्रायमोक्साझोलच्या गोळ्या. वजन ६० किलोपेक्षा जास्त असेल तर १६०/८०० मिलिग्रॅमच्या डबल स्ट्रेंथ गोळ्या सकाळी दोन आणि रात्री दोन. ४० ते ६० किलोला दीड-दीड. त्याहून कमी वजनाला एक-एक. चार गोळ्या रोज, बारा आठवडे, म्हणजे ३३६ गोळ्या. नेहमीच्या मूत्रसंसर्गाला सकाळ-संध्याकाळ एक-एक देण्याची सवय सगळ्यांनाच आहे, त्यामुळे कुठेतरी वाटेत, दुसऱ्या डॉक्टरकडे किंवा फार्मसीत, ‘हे जास्त झाले’ म्हणून मात्रा निम्मी होते. डिस्चार्ज कार्डवर आजाराचे नाव, वजन, मात्रा आणि संपण्याची तारीख ठळक लिहिली तर हे टळते. गोळ्या लवकर सुटल्या की आजार उलटतो, आणि उलटला की पुन्हा शिरेतल्या औषधापासून सुरुवात. प्रयोगशाळेकडून ‘को-ट्रायमोक्साझोलला दाद देत नाही’ असा अहवाल आला तर तो डिस्कने काढला की ई-टेस्टने (औषधाच्या पट्टीच्या चाचणीने) हे आधी विचारावे. डिस्कभोवती धूसर वाढ राहते आणि चांगले औषध उगाच बाद होते.

ही मात्रा मोठी आहे, तेव्हा देखरेखीशिवाय नको, आणि कोणी ती या पत्रावरून स्वतः सुरू करू नये. आधी जी-६-पीडी (तांबड्या पेशींतले एक विकर) तपासावे. पहिला महिनाभर दर आठवड्याला आणि नंतर महिन्याला रक्तगणना, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम. रोज ५ मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. रक्तदाबासाठी रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर पोटॅशियम धोकादायक वाढू शकते. आजारी माणसाला शहाळे द्यायची आपल्याकडची पद्धत अशा रुग्णाच्या बाबतीत डॉक्टरला विचारल्याशिवाय पाळू नये. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड घेणाऱ्यांची साखर अचानक खाली येऊ शकते. घाम, थरथर, भोवळ याकडे घरच्यांनी लक्ष ठेवावे. अंगावर पुरळ, तोंडात फोड आले तर गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. हे औषध सोसलेच नाही तर अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक किंवा डॉक्सिसायक्लिन हे पर्याय आहेत, पण त्यांनी आजार उलटण्याचे प्रमाण जास्त.

या आजाराला लस नाही. सरद (पावसाळी) शेतीच्या चिखलात उतरणाऱ्या मधुमेही माणसाने गमबूट घालावेत, पायाची भेग किंवा जखम झाकावी, काम संपल्यावर साबणाने धुवावी. लेप्टोसाठी सांगितलेली काळजीच इथे उपयोगी पडते.

आरोग्य संचालनालयाकडे आमची मागणी मोठी नाही. जून ते ऑक्टोबर या काळात म्हापसा आणि मडगावची जिल्हा रुग्णालये, फोंड्याचे उपजिल्हा रुग्णालय आणि बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) इथे उघडलेल्या प्रत्येक खोल गळवाचा पू कल्चरला जावा. प्रयोगशाळांना कोलिस्टिन, जेंटामायसिन आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिकच्या डिस्कचा पुरवठा अखंड राहावा. संशयित जिवाणू खात्रीसाठी कुठे पाठवायचा ते एका परिपत्रकाने ठरवून द्यावे. आणि सापडलेल्या रुग्णांची तालुकावार नोंद लेप्टोच्या नोंदीशेजारीच ठेवावी. सेफ्टाझिडीमचा साठा जिल्हा पातळीवर असेल तर पेडणे किंवा काणकोणच्या रुग्णाला पहिल्या मात्रेसाठी बांबोळीपर्यंत थांबावे लागणार नाही.

आपले,
मूत्रविकार आणि सूक्ष्मजीवशास्त्र या विषयांत काम करणारे दोन डॉक्टर,
फोंडा – गोवा